पांढरीखालचा इतिहास आणि आपली मुले



प्राचीन संस्कृती आणि जगातील निरनिराळे धर्म यांचा विद्यापीठात जाऊन रीतसर अभ्यास करावा काय, आणि करावयाचा तर तो आपल्या घरच्या मुलामुलींनी का करावा, हा विषय आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. विषय ऐकताच आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका येईल. हा पोट भरलेल्या माणसांचा छंद आहे, असे आपण म्हणाल. मुलगा शिकून इंजिनियर झाला, मुलगी शिक्षिका किंवा नर्स झाली, तर घराला आधार होतो. इतिहास आणि पाली घेऊन पदवीधर झालेल्याने काय करावे? ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी अक्षर नव्हते, त्या घराने शिक्षणाकडे भाकरीच्या दृष्टीने पाहिले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. या शंकेचे उत्तर मी पुढे देईन. आधी आपण ज्या जमिनीवर राहतो, ती जमीन काय सांगते ते पाहू.

आपला जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा, हा दुष्काळासाठी आणि साखर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु पुराणवस्तुशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना तो तिसऱ्याच कारणासाठी माहीत आहे. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि तांबड्या मातीवर काळ्या रंगाने रंगविलेली तोटीची भांडी तेथे मिळाली. पुढे तशीच भांडी महाराष्ट्रात दोनशेहून अधिक ठिकाणी आढळली आणि त्या सर्व संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव पडले. तिचा भर इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते १००० या काळातला. जगातल्या कोणत्याही विद्यापीठात भारताच्या ताम्रपाषाणयुगावर व्याख्यान चालू असेल, तर संगमनेर तालुक्यातल्या या खेड्याचे नाव तेथे उच्चारले जाते. आपल्याकडे जोर्व्याला पाहुणे म्हणून जाणारे पुष्कळ आहेत. त्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते?

नेवासे आपण ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून ओळखतो. तेथील लाडमोड नावाच्या टेकडीवर १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. वरच्या थरात मुसलमानी अमदानीतील वस्ती, तिच्याखाली सातवाहनांचा काळ, त्याच्याही खाली ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची घरे आणि नदीच्या जुन्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारे, असे एकावर एक थर तेथे निघाले. त्या शेतकऱ्यांच्या घरांत जमिनीखाली लहान मुलांना पुरलेले आढळते. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांत मूल निजवीत. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे त्या माळेचा दोरा काही अंशी टिकून राहिला होता. तो तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस यांचे तंतू असल्याचे निदान झाले. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या कोण्या आईने आपले मूल घराबाहेर जाऊ दिले नाही, आणि जाताना त्याच्या गळ्यातली माळही काढून घेतली नाही. राजांच्या सनावळीत ही गोष्ट कोठेही सापडत नाही. ती फक्त मातीत सापडते.

आता या मातीविषयी थोडे सांगतो, कारण तिचा आणि आपला संबंध फार जुना आहे. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानीत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. जेथे शेकडो वर्षे चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, राख आणि शेण मिसळले, तेथील माती पांढुरकी होते. म्हणून ती पांढरी. पुराणवस्तुशास्त्रज्ञ नव्या प्रदेशात गेला की प्रथम पांढरीची टेकाडे शोधतो. आणि ती पांढरी, तिची शीव, तिच्या वाटा ज्याला पाठ असत, तो गावगाड्यातला माणूस कोण होता? तो महार होता. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की महाराची साक्ष निर्णायक मानीत. ज्याला पांढरीत राहण्याचा अधिकार नव्हता, त्यालाच तिची शीव दाखवावी लागे! हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होते. ते कोणी लिहून ठेवले नाही, आणि त्याला विद्या हे नावही कोणी दिले नाही.

दायमाबादची हकीगत याहून बोलकी आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे ठिकाण आहे. १९५८ साली श्री. बोपर्डीकर यांनी ते शोधले आणि नंतर तेथे तीन वेळा उत्खनने झाली. शेवटचे आणि मोठे उत्खनन डॉ. सा. अ. साळी यांनी १९७५ ते १९७९ या काळात केले. एकाखाली एक अशा पाच संस्कृतींचे थर तेथे मिळाले. त्यांपैकी एक थर उत्तरकालीन सिंधू संस्कृतीचा असून सिंधू लिपीची चिन्हे असलेली खापरेही त्यात निघाली. मोहेंजोदडो आणि हडप्पा यांची नावे आपली मुले शाळेत घोकतात. त्या संस्कृतीचे एक टोक गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या उसाच्या फडांशेजारी येऊन पोचले होते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

परंतु दायमाबादचे नाव जगभर झाले ते निराळ्याच कारणाने. १९७४ साली तेथील एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणीत असता जमिनीत काशाच्या चार मूर्ती मिळाल्या. बैलजोडी जोडलेला रथ आणि त्यात उभा असलेला सारथी, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. इतक्या जुन्या काळातील एवढ्या वजनाच्या धातुमूर्ती भारतात अन्यत्र क्वचितच मिळाल्या असतील.

येथे विद्यापीठातील शिक्षण म्हणजे काय, ते पाहण्याची संधी आपल्याला मिळते. मूर्ती मिळाल्या, छायाचित्रे छापून आली, आणि त्या सिंधू संस्कृतीच्या आहेत असे सांगितले गेले. सामान्य माणूस एवढ्यावर समाधान मानतो. अभ्यासक तसे मानीत नाही. तो विचारतो: या मूर्ती कोणत्या थरात मिळाल्या? त्या उत्खननात मिळालेल्या नाहीत, खणताना अचानक हाती आल्या. तेव्हा थराचा पुरावा प्रत्यक्ष नाही, आजूबाजूच्या खुणांवरून काढलेला आहे. धातूत काय मिसळले आहे? श्री. धर्मपाल अग्रवाल यांनी दाखवून दिले की, त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, एक टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंशी हे प्रमाण जुळत नाही. उलट साळी आणि इतर काही विद्वान आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, हे वेगवेगळे ओळखण्याची जी सवय अशा वादातून लागते, तिच्यासाठी मुलांना विद्यापीठात पाठवावयाचे असते. ही सवय ज्याला लागली, त्याला कोणी पोथी दाखवून खाली बसवू शकत नाही.

आणि आपल्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न याच पद्धतीने सोडवावा लागणार आहे. तो प्रश्न असा: अस्पृश्यता केव्हा निर्माण झाली, आणि का? ती सृष्टीच्या आरंभापासून आहे, असे आपल्याला सांगण्यात येत असे. बाबासाहेबांनी ‘द अन्टचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ साली लिहून त्या म्हणण्याला सुरुंग लावला. अस्पृश्यतेला आरंभ आहे आणि तो सुमारे इसवी सन ४०० च्या आसपासचा आहे. पराभूत टोळ्यांतून फुटून गावाबाहेर राहिलेले लोक बौद्ध होते, आणि बौद्ध धर्म व ब्राह्मणी धर्म यांच्या झगड्यातून त्यांच्यावर हा शिक्का बसला, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. फाहियान आणि ह्युएनत्संग या चिनी प्रवाशांचे पुरावे त्यांनी त्यासाठी पारखून घेतले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धतीही उघड केली आहे. जेथे दुवे तुटलेले आहेत तेथे इतिहासकाराला अनुमानाने ते जोडावे लागतात, हे त्यांनी लपविले नाही. ज्या विद्वानाने आपली अनुमाने अशी उघड्यावर ठेवली, त्याच्या अनुयायांनी ती नुसती पाठ करून ठेवावीत काय? ती तपासणे, त्यांना नवा पुरावा जोडणे, आणि जरूर तेथे त्यांत दुरुस्ती सुचविणे हे काम आपल्या मुलांचे आहे. इतरांनी ते आपल्यासाठी करावे, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

जमिनीखालचा पुरावा या प्रश्नावर काय सांगतो? आपल्या जिल्ह्याच्या शिवेलगत, घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने जोर्वे संस्कृतीचे एक गाव जवळजवळ उघडे केले. मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर आणि शेजारी धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची घरे गावाच्या पश्चिमेच्या कडेला. म्हणजे उच्चनीचता तेव्हाही होती. धान्य ज्याच्या ताब्यात तो मधोमध आणि हाताने राबणारा कडेला, ही मांडणी तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. परंतु ते कारागीर त्याच वस्तीत राहत होते. स्पर्शाचा विटाळ त्यांना लावला जात होता, असे म्हणण्यास तेथे आधार मिळत नाही. घाईने कोणी म्हणेल, पाहा, जात वेदांच्याही आधीची आहे. दुसरा म्हणेल, पाहा, पूर्वी सारे समान होते. दोघेही मातीला न विचारता बोलत आहेत. विषमता जुनी आणि अस्पृश्यता नंतरची, एवढे म्हणण्याइतकाच हा पुरावा आपल्याला हात देतो. आणि मी म्हणतो, एवढे थोडे नाही. जे नंतर आले, ते कोणीतरी आणले. आणि जे माणसाने आणले ते माणसाला घालविता येते.

पण आपल्याला सोयीचा तेवढाच पुरावा उचलण्याचा मोह आपणही टाळला पाहिजे. नाशिकची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात; पांडवांचा आणि त्यांचा काडीचा संबंध नाही. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आहे आणि ती भिक्षूंची विहारे आहेत. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात राणी गौतमी बलश्रीचा लेख कोरलेला आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या स्मृतीस वंदन करून तिने ते लेणे भद्रयानीय पंथाच्या भिक्षुसंघास दान दिले. हे वाचून आपला ऊर भरून येतो. परंतु लेख पुढे वाचा. त्याच लेखात आपल्या मुलाची थोरवी सांगताना ती म्हणते की, तो अद्वितीय ब्राह्मण होता, त्याने क्षत्रियांचा गर्व मोडला आणि चार वर्णांचा संकर थांबविला!

एकाच दगडावर, एकाच हाताने, भिक्षुसंघाला दान आणि वर्णव्यवस्थेचे कौतुक. याचा अर्थ काय लावावयाचा? राजघराण्याला धर्माशी कर्तव्य नव्हते, दोन्हीकडचे पुण्य हवे होते, असा? की संघाने दान घेताना दात्याचे वर्तन पाहिले नाही, असा? की वर्ण मोडू लागले होते, म्हणूनच ते थांबविल्याचा अभिमान लेखात येतो, असा? मला तिसरा अर्थ विचार करण्याजोगा वाटतो. संकर होत नसता तर तो थांबविल्याची फुशारकी कशाला? पण या तिन्ही अर्थांवर मनात निवाडा करण्यापूर्वी लेखाची भाषा आली पाहिजे. त्याच लेखात राजाने कोणाच्या कुटुंबांची भरभराट केली हे सांगणारा एक जोडशब्द आहे. सेनार या फ्रेंच पंडिताने त्याची फोड ‘द्विज आणि अवर’, म्हणजे द्विजांची आणि खालच्या लोकांचीही कुटुंबे, अशी केली. ‘द्विजवर’ अशी फोड केली तर त्यात फक्त श्रेष्ठ द्विज उरतात. एका काना-मात्रेवर खालच्या माणसाची भरभराट राहते किंवा जाते. तो काना वाचणारा माणूस आपल्यातला असावा, असे आपल्याला वाटत नाही काय?

जुन्नरच्या लेण्यांत बांबूचे काम करणारांच्या आणि काशाची भांडी करणारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. नाशिकला उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे पैसा ठेव म्हणून ठेवला. त्यांतील दोन हजार कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण व्याज मिळावयाचे, आणि त्यातून भिक्षूंच्या चिवरांचा व इतर गरजांचा खर्च भागावयाचा. हाताने राबणाऱ्या माणसांच्या संस्थांवर राजाच्या जावयाचा एवढा विश्वास होता. पुढे याच धंद्यांतल्या कित्येकांना गावाच्या कडेला आणि कित्येकांना शिवेबाहेर कसे ढकलले गेले, हा संशोधनाचा विषय आहे. तो अजून कोणी पुरता हाताळलेला नाही, असे माझे मत आहे.

आता दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे धर्मांच्या अभ्यासाकडे वळू. काही भगिनींनी आणि वडीलधाऱ्या मंडळींनी मला विचारले आहे की, आपण आत्ता कोठे धम्मात स्थिर होत आहोत. मुलांनी कुराण, बायबल, उपनिषदे वाचली आणि धम्मावरही टीका ऐकली, तर त्यांची श्रद्धा डळमळणार नाही काय? या भीतीमागील माया मला समजते. पण बाबासाहेबांचेच चरित्र पाहा. आपल्या कोपरगाव तालुक्याला लागून असलेल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. ही एकवीस वर्षे त्यांनी शीख, ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध धर्म पारखून पाहण्यात घालविली. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नव्हते, पर्शियन घ्यावे लागले होते. त्यांनी पुढे पाली आत्मसात केली आणि तिचे व्याकरण व कोशही तयार करावयास घेतले. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम. ए. साठी त्यांनी सादर केलेला निबंध प्राचीन भारतातील व्यापारावर होता, आणि ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचला गेला. म्हणजे प्राचीन संस्कृती हा ज्यांना चैनीचा विषय वाटतो, त्यांनी ध्यानात घ्यावे की, आपल्या मुक्तीची हत्यारे याच विषयाच्या भट्टीत तापविलेली आहेत.

त्यांनी धम्माची परंपराही डोळे मिटून स्वीकारली नाही. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडले, ही कथा आपल्या घरांतल्या कॅलेंडरांवर छापलेली असते. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर कधी म्हातारा पाहिला नसेल, हे बुद्धीला पटत नाही, अशी शंका बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रारंभीच उपस्थित केली. आणि गृहत्यागाचे कारण म्हणून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. याच दिशेचा विचार त्यापूर्वी धर्मानंद कोसंबी यांनी पाली ग्रंथांच्या आधारे ‘भगवान बुद्ध’ या मराठी पुस्तकात केला होता. हे कोसंबी गोव्याच्या खेड्यातले. बुद्धाचा धर्म मुळात काय होता हे जाणण्यासाठी ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पायाखाली घालून आले. सयाजीराव महाराजांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा पन्नास रुपये दिले, आणि १९१२ पासून त्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. त्या पन्नास रुपयांचे व्याज आपण आजही खात आहोत. ज्या पाण्यासाठी महाडला सत्याग्रह झाला, त्या पाण्याच्याच तंट्यातून बुद्धाचा गृहत्याग घडला, हे आपल्याला सांगता आले ते एका पंडिताने मूळ भाषा शिकून घेतली म्हणून.

विठ्ठल रामजी शिंदे यांचेही नाव येथे घेतले पाहिजे. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परत येऊन त्यांनी प्रवचनांवर समाधान मानले नाही. १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ लिहिला. पुढे त्यांच्या आणि बाबासाहेबांच्या मार्गांत अंतर पडले, ते आपल्याला माहीत आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण जगातील धर्म शेजारी शेजारी ठेवून पाहिलेल्या माणसाला आपल्या गावचा विटाळ हा धर्म वाटेनासा होतो, याची साक्ष त्यांच्या आयुष्यात मिळते.

आणखी एक गोष्ट, आणि ती तर आपल्या शहरातलीच आहे. नगरचा किल्ला आपण नेहरूंच्या नावाशी जोडतो. १९४२ ते १९४५ या काळात त्या किल्ल्यात जे पुढारी कैदेत होते, त्यांत समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव होते. मौलाना आझादांनी तेथे उर्दूतील आपली प्रसिद्ध पत्रे लिहिली, नेहरूंनी भारताचा शोध घेतला, आणि नरेंद्र देव ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाचे हिंदी भाषांतर करीत बसले. या ग्रंथाचा प्रवास पाहा. पेशावरकडच्या वसुबंधूने तो संस्कृतात लिहिला. भारतात बौद्ध धर्म मोडला आणि मूळ ग्रंथ नाहीसा झाला. पण त्याआधी ह्युएनत्संगाने तो चीनमध्ये नेऊन चिनी भाषेत आणला होता. हाच ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रातून गेला आणि येथे शंभराहून अधिक विहार व पाच हजार भिक्षू असल्याचे लिहून गेला. त्या चिनी भाषांतरावरून आणि तिबेटी प्रतीवरून बेल्जियमच्या पूसाँ या पंडिताने फ्रेंच भाषांतर केले. आणि त्या फ्रेंचवरून नगरच्या किल्ल्यातल्या एका कैद्याने तो हिंदीत आणला. घरातून निघालेली वस्तू चीन, तिबेट आणि युरोप फिरून भिंगारच्या वेशीशी परत आली! मूळ संस्कृत प्रत राहुल सांकृत्यायनांना तिबेटातील एका मठात सापडली आणि १९६७ साली पाटण्याहून छापली गेली. नरेंद्र देवांचा ‘बौद्ध धर्म दर्शन’ हा मोठा ग्रंथ १९५६ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपला वारसा परकीयांनी जपला, कैद्याने अनुवादला, आणि आपण मात्र तो नोकरीच्या कामाचा नाही म्हणून बाजूला ठेवावा, हे मला शोभादायक वाटत नाही.

आता भाकरीचा प्रश्न. मी आपल्याला खोटी आशा दाखविणार नाही. पुराणवस्तू खात्यात, वस्तुसंग्रहालयांत आणि महाविद्यालयांत जागा थोड्या असतात आणि त्यांसाठी चढाओढ फार असते. म्हणून घरात एकच मिळवता होणार असेल आणि कर्ज डोक्यावर असेल, तर त्या मुलावर हा विषय लादू नये. परंतु ज्या मुलामुलीला याची खरी ओढ आहे, त्याला अडवूही नये. इतिहास घेऊन पदवीधर झालेला मुलगा लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना बसू शकतो, शिक्षक होऊ शकतो, वकिलीकडे वळू शकतो. म्हणजे वाट बंद होत नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयात बी. ए. करता येते; अहमदनगर कॉलेज तर १९४७ सालापासून उभे आहे. पुढे डेक्कन कॉलेजात पुराणवस्तुशास्त्र आणि पुणे व मुंबई येथील विद्यापीठांत पाली शिकता येते.

पैशाच्या बाबतीत आपले हक्क नीट जाणून घ्या. दीक्षेनंतर केंद्र सरकारने आपल्याला अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले होते. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्याला राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राचा दरवाजा उघडावयास १९९० साल उजाडले. धर्म बदलला म्हणून शिष्यवृत्ती गमावण्याचा काळ ज्यांनी भोगला, त्यांनी मागे न हटता ही वाट मोकळी केली. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, संशोधनासाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. डॉक्टरी आणि इंजिनियरिंगला जाणारी मुले यांचा लाभ घेतात. इतिहास, पाली आणि धर्मशास्त्र यांसाठीही अर्ज करावेत. मुलींच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगेन. याच नगर शहरात मिस फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले अध्यापनाचे शिक्षण घेऊन गेल्या. त्या शहराच्या जिल्ह्यातील बौद्ध मुलीने ब्राह्मी लिपी वाचू नये, असे कोणी म्हणू नये.

विद्यापीठात जाण्याआधी घरी करण्याजोगेही काम आहे, आणि ते या उन्हाळ्यातच सुरू करता येईल. आपल्या गावात ज्या वृद्धांना गावच्या जुन्या शिवा, वाटा, ओढ्यांची आणि शेतांची नावे, पडक्या गढ्या आणि टेकाडे माहीत आहेत, त्यांच्याजवळ मुलांना वही घेऊन बसवा. सांगणाऱ्याचे वय, सांगितल्याची तारीख आणि ऐकलेले त्याच्याच शब्दांत, एवढे लिहून ठेवावे. त्यात आपल्या मनाचे काही घालू नये. गावच्या पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी किंवा भिंतींसाठी ट्रॅक्टर भरून नेली जाते, ती शक्य तर थांबवा. निदान खणताना रंगीत खापरे, मणी, नाणी निघाली तर ती मुलांना खेळावयास देऊ नका आणि भंगारवाल्याला विकू नका. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ सालच्या कायद्याने आहेच. वस्तू कोठे, किती खोल आणि कशाजवळ मिळाली हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि तो कागद तलाठ्याकडे देताना त्याची एक प्रत आपल्याजवळ राखावी. दायमाबादच्या मूर्ती खणल्या गेल्या त्या दिवशी असे टिपण कोणी केले असते, तर विद्वानांचा पन्नास वर्षांचा वाद बराच आटोक्यात आला असता.